उताऱ्यावरील प्रश्नांची लघुउत्तरे : आकलन व लेखन यांमधील सांधा

प्रस्तावना

भाषेच्या प्रश्नपत्रिकेतील ‘खालील उतारा वाचून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा प्रश्न सामान्यतः सर्वांत सोपा मानला जातो. उत्तराची सामग्री समोरच छापलेली असते, पाठांतराची गरज नसते आणि परीक्षेपूर्वी त्यासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. अध्यापकांचीही समजूत याहून फारशी वेगळी नसते. त्यामुळे अभ्यासक्रमातील कविता, कथा, निबंध यांना तास मिळतात. उताऱ्याच्या वाट्याला मात्र सत्रअखेरीचे उरलेसुरले दोन तास येतात व तेही प्रश्नपत्रिका सोडवून घेण्यात संपतात.

उत्तरपत्रिका तपासताना मात्र निराळे चित्र समोर येते. जो विद्यार्थी वर्गात तोंडी प्रश्न विचारला असता उताऱ्यातील पात्राच्या वागण्याचा अर्थ बऱ्यापैकी सांगतो, त्याच विद्यार्थ्याचे लेखी उत्तर उताऱ्यातील तीन वाक्ये उतरवून थांबलेले असते. परीक्षकाला त्यावरून एवढेच दिसते की, विद्यार्थ्याला उताऱ्यातील योग्य जागा सापडली. त्याला अर्थ कळला होता की नाही, याचा पुरावा कागदावर नसतो. परिणामी, ज्याला वाचता येते पण वाचलेले उत्तरात दाखवता येत नाही आणि ज्याला मुळात वाचताच आले नाही, असे दोन भिन्न विद्यार्थी एकाच गुणाचे धनी ठरतात. पहिल्यावर यात सरळसरळ अन्याय होतो. दुसऱ्याला कोणती मदत हवी, हेही कळत नाही. लघुउत्तराचे लेखन ही स्वतंत्रपणे शिकवण्याची बाब आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि ते शिकवताना नेमके काय शिकवायचे, हा त्याचा मुख्य विषय आहे.

कृतिपत्रिकेतून आलेला विद्यार्थी

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आज प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी कृतिपत्रिकेच्या पद्धतीतून आलेला असतो. राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांचा अंमल २०१८-१९ या वर्षी सुरू झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्यांवर आधारित पहिली परीक्षा झाली. बारावीची नवी पुस्तके २०२० मध्ये आली. मराठीच्या कृतिपत्रिकेत गद्य उताऱ्यावर आकलनाच्या कृती असतात : चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता तयार करा, आणि त्यांच्या शेवटी ‘स्वमत’ असते. या बदलामुळे जुन्या पद्धतीतील ठरावीक प्रश्न व पाठ केलेली ठरावीक उत्तरे यांना मोठ्या प्रमाणात आळा बसला, हे मान्य करावेच लागेल. अपठित उताऱ्याला स्थान मिळाले, हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

तथापि या रचनेत एक पायरी अरुंद राहिली आहे. चौकटीत एक-दोन शब्द भरायचे असतात. स्वमतात काही वाक्यांचा परिच्छेद लिहायचा असतो. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे उताऱ्यातील एखाद्या तपशिलावरून स्वतः काढलेले अनुमान दोन-तीन वाक्यांत आधारासह मांडणे, याचा सराव त्या मानाने फार थोडा होतो. चौकटीत शब्द भरताना वाक्यरचनाच करावी लागत नाही. स्वमत लिहिताना उतारा सुटून जातो. महाविद्यालयात आल्यावर विद्यार्थ्यापुढे नेमके तेच मधले काम येऊन ठाकते. पुढे स्पर्धापरीक्षांतही त्याची गाठ त्याच्याशीच पडते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील भारतीय भाषेच्या अनिवार्य प्रश्नपत्रिकेत ३०० पैकी ६० गुण उताऱ्याच्या आकलनाला आहेत. ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती असली, तरी तिच्यात किमान गुण न मिळवणाऱ्याचे अन्य विषयांचे गुण विचारातच घेतले जात नाहीत.

एक उतारा, चार उत्तरे

विवेचनासाठी पुढील छोटा उतारा रचला आहे.

‘दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी विहिरीने तळ गाठला. गणपतराव तरीही रोज पहाटे काठावर येऊन बसत. दोर सोडत नसत. नुसते आत पाहत. सुनेने टँकरच्या रांगेत घागर लावली की नाही, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. जूनचा पहिला पाऊस आला तेव्हा सारे घर पडवीत उभे राहून पाऊस पाहत होते. गणपतराव मात्र डोक्यावर घोंगडी घेऊन विहिरीकडे निघाले होते.’

या उताऱ्यावर ‘विहीर केव्हा आटली?’ असाही प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर एकाच जागी, एकाच वाक्यात आहे व ते चार शब्दांत संपते. अशा प्रश्नालाही ‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा’ ही सूचना सरसकट लावण्यात काय साधते, हे कळत नाही. प्रश्नातील शब्द उत्तरात उतरवण्याची सवय तेवढी लागते. अमेरिकेतील वाचन-संशोधक टॅफी राफेल यांनी १९८० च्या दशकात प्रश्न व उत्तर यांच्या नात्यावरून प्रश्नांचे चार प्रकार मांडले : उत्तर एकाच ठिकाणी थेट सापडणारे, उताऱ्यात विखुरलेले व एकत्र करावे लागणारे, उतारा व वाचक या दोघांच्या मिळून तयार होणारे, आणि केवळ वाचकाच्या अनुभवातून येणारे. विद्यार्थ्यांची खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे. म्हणून येथे त्याच प्रकारचा प्रश्न घेऊ : ‘गणपतरावांचे विहिरीशी असलेले नाते उताऱ्याच्या आधारे स्पष्ट करा.’ (२ गुण)

या प्रश्नाला येणारी उत्तरे साधारणपणे चार वळणांची असतात.

पहिले : ‘गणपतराव रोज पहाटे काठावर येऊन बसत. दोर सोडत नसत. नुसते आत पाहत. जूनचा पहिला पाऊस आला तेव्हा ते डोक्यावर घोंगडी घेऊन विहिरीकडे निघाले होते.’

दुसरे : ‘पाणी हे जीवन आहे. आज महाराष्ट्रात दुष्काळाची समस्या गंभीर आहे. विहीर ही शेतकऱ्याची माता असते. आपण सर्वांनी पाण्याची बचत केली पाहिजे.’

तिसरे : ‘गणपतरावांचे विहिरीवर फार प्रेम होते. विहीर त्यांना जिवाभावाची वाटत होती.’

चौथे : ‘गणपतरावांसाठी विहीर ही केवळ पाणी भरण्याची जागा नव्हती. ती आटल्यावरही ते रोज काठावर येत, पण दोर सोडत नसत. पाण्याच्या आशेने आलेल्या माणसाने दोर सोडून पाहिला असता. गणपतराव विहिरीसाठीच येत होते.’

पहिल्या उत्तरात आधार आहे, विधान नाही. तिसऱ्यात विधान आहे, आधार नाही. दुसऱ्यात उताराच नाही. ते उत्तर दुष्काळावरील कोणत्याही उताऱ्याखाली चालेल, आणि हीच त्याची ओळख. चौथ्यात विधान आहे, आधार आहे, आणि या दोहोंखेरीज आणखी एक वाक्य आहे. ‘पाण्याच्या आशेने आलेल्या माणसाने दोर सोडून पाहिला असता’ हे वाक्य उताऱ्यात कोठेही नाही. ते प्रश्नातही नाही. आधारावरून विधानाकडे जाण्याची वाट ते दाखवते, आणि ते केवळ वाचकच लिहू शकतो. लघुउत्तरात वाचकाचे आकलन प्रत्यक्ष दिसते ते या एका वाक्यात.

येथे आधाराच्या निवडीचाही विचार केला पाहिजे. ‘रोज पहाटे काठावर येऊन बसत’ हा तपशील बहुतेक विद्यार्थी निवडतात, कारण तो ठळक आहे. पण त्यावरून दोन अनुमाने निघू शकतात : गणपतराव पाणी आले का ते पाहायला येत असतील, किंवा विहिरीच्या ओढीने येत असतील. ‘दोर सोडत नसत’ हा लहानसा, नकारार्थी तपशील पहिली शक्यता बरीचशी दूर करतो. टँकरच्या घागरीविषयीची उदासीनता तिला आणखी दूर नेते. पावसातले जाणे मात्र पुन्हा दोन्ही बाजूंना ओढता येते. विहिरीत पाणी आले का हे पाहायलाही माणूस पहिल्या पावसात निघेल. आधार शोधणे म्हणजे उताऱ्यातील संबंधित वाक्य शोधणे, असे शिकवले जाते. वास्तविक आधार शोधणे म्हणजे आपले विधान टिकवणारा आणि त्याला विरोधी असलेले विधान पाडणारा तपशील शोधणे होय. हा भेद एकदा वर्गात स्पष्ट झाला की उतारा पुन्हा वाचण्याचे कारण विद्यार्थ्याला मिळते.

हेतू आणि व्याप्ती

वरील विश्लेषण परकीय वाटण्याचे कारण नाही. न्यायशास्त्रातील पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव सांगितले आहेत. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, धूर दिसतो हा हेतू. परंतु जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, ही व्याप्ती सांगितल्याशिवाय आणि हा पर्वतही तसाच धूमयुक्त आहे हे जोडल्याशिवाय ऐकणाऱ्याला अनुमान पटत नाही. स्टीफन टुलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यातही दावा व आधारसामग्री यांच्यामध्ये दोहोंना जोडणारे समर्थन हा स्वतंत्र घटक मानला आहे. दोन्ही परंपरांत मधल्या दुव्याला नाव आहे. आपल्या वर्गात मात्र त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही ते विद्यार्थ्याकडे मागताही येत नाही. ‘स्पष्ट करा’, ‘सविस्तर लिहा’, ‘मुद्देसूद लिहा’ हे शेरे उत्तरपत्रिकेच्या समासात पडत राहतात. विद्यार्थी त्यांचा अर्थ ‘आणखी लिहा’ असा घेतो आणि उताऱ्यातील आणखी एक वाक्य उतरवतो. प्रस्तुत लेखात या दुव्याला ‘सांधा’ म्हटले आहे. सुतारकामात दोन लाकडे नुसती शेजारी ठेवून चौकट होत नाही, एवढे त्या शब्दावरून विद्यार्थ्याला सहज कळते.

स्वमत म्हणजे उताऱ्यापासून सुटका नव्हे

दुसऱ्या वळणाच्या उत्तराचा उगम बहुतांशी ‘स्वमत’ या शब्दाच्या समजुतीत आहे. आपले मत म्हणजे उतारा बाजूला ठेवून विषयावर काहीतरी चांगले बोलणे, असा त्याचा रूढ अर्थ झाला आहे. बाजारातील मार्गदर्शिकांनी या अर्थाला बळ दिले आहे. पर्यावरण, स्त्रीशिक्षण, व्यसनमुक्ती, वाचनाचे महत्त्व अशा विषयांवरील तयार परिच्छेद पाठ असले की कोणत्याही उताऱ्याखाली त्यांपैकी एक बसवता येतो.

ही व्याधी नवी नाही आणि केवळ आपल्याकडचीही नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय तपासून १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचनातील ज्या अडचणी त्यांनी नोंदवल्या, त्यांत ठोकळेबाज प्रतिसाद ही एक होती : वाचकाच्या मनात आधीच तयार असलेली भावना वा मत कवितेच्या निमित्ताने बाहेर पडते आणि कविता तशीच राहते. साधा वाच्यार्थ न लागणे हीही त्यांच्या यादीतील एक अडचण होती. केंब्रिजमधील निवडक विद्यार्थ्यांची ही स्थिती होती, हे लक्षात घेतल्यास आपल्या विद्यार्थ्यांवर बुद्धिमांद्याचा शिक्का मारण्याची घाई आवरता येईल.

मत विचारायचे, पण ते उताऱ्याला बांधलेले ठेवायचे, हे प्रश्नाच्या रचनेतूनच साधता येते. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनाच्या २००० सालच्या फेरीतील एक संच पुढे सार्वजनिक करण्यात आला. त्यात भिंतींवरील रंगलेखनाविषयी दोन पत्रे होती. एक पत्र त्यावर संतापणारे होते. दुसरे पत्र कंपन्यांची बोधचिन्हे व जाहिराती लोकांना न विचारताच सर्वत्र लावल्या जातात, मग यालाच विरोध का, असे विचारणारे होते. तुम्ही कोणत्या पत्राशी सहमत आहात, हे पत्रातील म्हणण्याचा स्वतःच्या शब्दांत उल्लेख करून स्पष्ट करा, असा एक प्रश्न होता. विद्यार्थ्याने कोणतीही बाजू घेतली तरी गुण मिळत. पत्रातील मुद्द्याशी संबंध न जोडता केवळ मत दिले तर मिळत नसत. पुढचा प्रश्न अधिक सूचक होता : तुम्ही कोणाशीही सहमत असा, कोणते पत्र अधिक चांगले लिहिले आहे? मत व मूल्यमापन यांतील अंतर या दोन प्रश्नांत जितके स्वच्छ दिसते, तितके व्याख्यानाने क्वचितच दिसेल. आपल्या प्रश्नांतही ‘पाण्याचे महत्त्व याविषयी तुमचे मत लिहा’ याऐवजी ‘गणपतरावांचे वागणे तुम्हाला वेडेपणाचे वाटते की शहाणपणाचे? उताऱ्यातील दोन तपशिलांच्या आधारे लिहा’ असे विचारले, तर पाठ केलेला परिच्छेद आपोआप निरुपयोगी होतो. तयार उत्तरांबद्दल विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने आपल्या प्रश्नाकडे एकदा पाहावे, हे बरे.

वर्गात काय करता येईल

प्रथम वर्षाच्या वर्गात पुष्कळदा ऐंशी-शंभर विद्यार्थी असतात. प्रत्येकाची वही तपासण्याची सूचना अशा वर्गात करणे म्हणजे न करण्यासारखेच आहे. म्हणून येथे फक्त अशाच गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांना एक फळा व एक तास पुरतो.

वर दिलेली चार उत्तरे, किंवा तशी रचलेली, नावांशिवाय फळ्यावर लिहावीत आणि विद्यार्थ्यांनी त्यांना दोनपैकी गुण द्यावेत. पहिल्या उत्तराला बरेच विद्यार्थी पूर्ण गुण देतील, कारण त्यात ‘सगळे आले आहे’. या मतभेदावर वर्गात होणारी चर्चा हेच त्या तासाचे अध्यापन होय. अध्यापकाने निर्णय देण्याची घाई करू नये. त्यानंतर पहिल्या उत्तराला एकच वाक्य जोडून ते दोन गुणांचे करायला सांगावे. संपूर्ण उत्तर पुन्हा लिहून घेण्यापेक्षा एका वाक्याचा हा सराव अधिक फलदायी ठरतो, कारण विद्यार्थ्याचे सारे लक्ष सांध्यावर राहते, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकमेकांचे एक वाक्य वाचून पाहणे मोठ्या वर्गातही शक्य असते.

तोंडी सरावात दोन प्रश्न पुरतात. विद्यार्थ्याने विधान केले की ‘हे कशावरून?’ असे विचारावे. त्याने उताऱ्यातील तपशील दिला की ‘बरे, मग त्यावरून काय?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला तो जे उत्तर देतो, ते त्याने जसे उच्चारले तसेच लिहून घ्यावे. अनेकांच्या बाबतीत सांधा तोंडी असतोच. तो लिहायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. परीक्षकाला उतारा ठाऊकच आहे, मग उघड गोष्ट कशाला लिहायची, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो.

सांध्याची भाषाही द्यावी लागते. ‘यावरून असे दिसते की’ हा एकच साचा दिला तर तोही लवकरच पोकळ होतो : ‘गणपतराव रोज काठावर बसत. यावरून असे दिसते की ते रोज काठावर बसत होते.’ अशी उत्तरे साचा देणाऱ्या प्रत्येक वर्गात निघतात. ‘तसे नसते तर’, ‘एरवी’, ‘तरीही’, ‘उलट’ हे शब्द अधिक उपयोगी आहेत, कारण ते वापरताना दुसरी शक्यता मनात आणावीच लागते. मराठीतील संकेतार्थाची रूपे, ‘सोडला असता’, ‘विचारले असते’, व्याकरणाच्या तासाला स्वतंत्रपणे शिकवली जातात. त्यांचे खरे कार्य येथे दिसते.

प्रश्नातील क्रियापदांविषयी थोडेसे. ‘सांगा’, ‘कारणे द्या’, ‘तुलना करा’, ‘स्पष्ट करा’ यांच्या अपेक्षा निरनिराळ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे. मात्र त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ खर्च करण्याची गरज नाही.

तपासणी

जे गुणांत दिसत नाही ते वर्गात टिकत नाही. दोन गुणांच्या उत्तराची विभागणी परीक्षकाने आधीच ठरवली पाहिजे : उताऱ्याशी सुसंगत विधान व योग्य आधार यांना मिळून एक गुण, सांध्याला एक. मग सात ओळींचे उतरवलेले उत्तर आणि अडीच ओळींचे स्वतःचे उत्तर यांच्यातील फरक गुणांत उमटेल. परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या नमुना उत्तरात फक्त अपेक्षित मुद्दे असतात. त्याऐवजी पूर्ण गुणांची दोन वेगवेगळी उत्तरे, एक गुणाचे एक व शून्य गुणाचे एक अशी चार उत्तरे दिली, तर परीक्षकापरीक्षकांतील तफावत बरीच कमी होऊ शकेल. पूर्ण गुणांची उत्तरे दोन असणे आवश्यक आहे; एकच असेल तर तेच एकमेव बरोबर उत्तर ठरते. गणपतराव पाण्याची आशा सोडू न शकलेले वृद्ध आहेत, असे मानून पावसातील तपशिलाच्या आधारे सांधा नीट जुळवणाऱ्या विद्यार्थ्याचे दोन्ही गुण कापण्याचे कारण नाही. मात्र दोर का सोडला नाही, याचा काही विचार त्याने केलेला असावा.

शेवटचा प्रश्न भाषेचा. ग्रामीण महाविद्यालयांत तो रोजचा आहे. एखादा विद्यार्थी असे लिहितो : ‘म्हातारा पान्यासाठी न्हाई, हिरीसाठीच येत व्हता. न्हाई तर दोर सोडला असता की.’ या दोन वाक्यांत विधान आहे, आधार आहे, सांधाही आहे. पहिल्या वळणाचे प्रमाण मराठीतील निर्दोष उतारकाम याच्या शेजारी ठेवले, तर गुण कोणाला अधिक पडतात, याचा अनुभव प्रत्येक परीक्षकाला आहे. ‘पिसा’च्या तपासणीत आशय कळत असेल तर शुद्धलेखनाच्या व व्याकरणाच्या चुका आकलनाच्या गुणांतून वजा केल्या जात नाहीत. आपल्याकडे लेखनशुद्धीला गुण द्यायचे असतील तर ते अवश्य द्यावेत, पण प्रश्नपत्रिकेत तसे छापून व वेगळे. आकलनाच्या दोन गुणांना त्यांचा स्पर्श होऊ नये. अशा विद्यार्थ्याला प्रमाण भाषेचे शिक्षणही मिळाले पाहिजे, आणि ते याच उत्तरावरून सहज देता येते. त्याची दोन वाक्ये फळ्यावर घ्यावीत, ‘न्हाई तर’ ऐवजी ‘अन्यथा’ लिहावे, ‘हिरीसाठी’ ऐवजी ‘विहिरीसाठी’ लिहावे, शेवटचा ‘की’ काढावा की ठेवावा हे वर्गाला विचारावे. उत्तराची रचना कोठेही बदलावी लागत नाही.